एका घोड्यासाठी सहा म्होरक्या

आमच्या पागांच्या गल्लीत गुपित म्हणून काही टिकत नाही. पहाटे एखाद्या घोड्याला शिंक आली, तर ती बातमी ट्रुडीच्या खानावळीत पोचेपर्यंत त्याला न्युमोनिया झालेला असतो आणि कुणीतरी त्याच्या मालकाला फोनही लावलेला असतो. मीही या बाबतीत कुणाच्या मागे नाही. मी नादीन टॅकेट. लुईव्हिलच्या या रेसकोर्सवर माझं उभं आयुष्य गेलं. माझ्या अबलख घोड्यावर, ग्रेव्हीवर, बसायचं आणि शर्यतीच्या घोड्यांना सोबत करत शर्यत सुटते त्या गेटपर्यंत न्यायचं, हे माझं काम. ग्रेव्ही शेजारून चालला की तापट घोडासुद्धा शहाण्यासारखा वागतो. वाटेत जॉकी बोलतात, ट्रेनर बोलतात, ते सगळं मला ऐकू येतं. मला ऐकू आलेलं दुपारपर्यंत सगळ्यांना ऐकू येतं.

म्हणून तर नोव्हेंबरातल्या त्या शनिवारचा मला अजून राग येतो. एका दिवसापुरती सगळ्या गल्लीने तोंडं शिवून घेतली, आणि नेमक्या त्याच दिवशी.

गोष्ट पाद्रीबुवाची आहे. कागदोपत्री त्याचं नाव 'लेट फॉर चर्च'. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार करायला हवा, कारण हा घोडा गेटमधून कधी वेळेवर निघालाच नाही. बाकीचे पळत सुटायचे आणि हा मान खाली घालून प्रार्थना आटोपत असल्यासारखा उभा असायचा. मग निघायचा, आणि निघाला की असा निघायचा की स्टँडमधली माणसं हातातले ग्लास खाली ठेवायची. तीन वर्षांचा असताना तो केंटकी डर्बी, म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी शर्यत, धावला आणि दुसरा आला. नाकभर अंतराने. फोटो बघून निकाल द्यावा लागला. मला विचाराल तर तो फोटोच वाकडा काढला होता, पण मला कुणी विचारलं नाही.

त्याला तयार केलं होतं बॉइड आणि बर्डी लेडबेटर या नवराबायकोने. दोघंही ट्रेनर, दोघांची एकच पागा, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. डर्बीच्या सकाळी बर्डी म्हणाली, "जॉकीला सांग, याला अडवू नको. निघाला की जाऊ दे." बॉइड म्हणाला, "थांबायचं. शेवटच्या वळणापर्यंत थांबायचं." जॉकी थांबला, घोडा नाकाने हरला. त्या रात्री दोघांत जे सुरू झालं ते वकिलाकडे जाऊन संपलं. लोकांचे संसार दारूने मोडतात, सासूने मोडतात. यांचा घोड्याच्या नाकाने मोडला. पागा दोन झाल्या, त्याही समोरासमोर, मधे फक्त गल्ली. वाटणीत पाद्रीबुवा बॉइडकडे राहिला आणि डर्बीच्या दिवशी त्याच्या तोंडावर होती ती पितळी पट्टीची चामडी म्होरकी बर्डी घेऊन गेली. तिला ती कशाला हवी होती देव जाणे. तेव्हापासून सात वर्षं दोघं समोरासमोर राहिले आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मधल्या निरोपांची सगळी ने-आण मी केली, आणि त्याबद्दल मला कुणी साधा केक दिला नाही.

घोड्याची खरी मालकीण होती मिस इमोजीन. भारी मायाळू बाई. तिने बॉइडला शब्द दिला होता, "पाद्रीबुवा थकला की तुझ्याकडे." बॉइडने त्या शब्दावर शेल्बी काउंटीतल्या आपल्या जमिनीच्या तुकड्याला नवं लाकडी कुंपण घातलं, काळा रंग दिला, क्लोव्हरचं गवत पेरलं. रविवारी जाऊन त्या रिकाम्या कुरणाकडे बघत बसायचा. विचारलं की म्हणायचा, "गवत बघतोय."

मग मिस इमोजीन गेली. शब्द तोंडी होता, घोडा गेला तिच्या पुतण्याकडे. हा व्हिटफील्ड म्हणजे नॅशव्हिलचा दातांचा डॉक्टर. बाईच्या अंत्यविधीला उशिरा आला आणि जेवण वाढायच्या आधी निघाला. बॉइडने चर्चच्या पायरीवर, चार लोकांत, त्याला सुनावलं, "तुझ्यापेक्षा तिचा घोडा जास्त रडला." खरं होतं, पण खरं बोलायची ती वेळ नव्हती. व्हिटफील्डने दुसऱ्याच दिवशी कळवलं की घोडा विकायचा, दाव्याच्या शर्यतीत घालून विकायचा, आणि तो लेडबेटर सोडून कुणाकडेही गेला तरी चालेल.

दाव्याची शर्यत म्हणजे तिथे धावणारा प्रत्येक घोडा ठरल्या किमतीला विकाऊ असतो. ज्या घोडेमालकाला किंवा ट्रेनरला तो हवा त्याने शर्यतीआधी ऑफिसातल्या पेटीत आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची. गेट उघडलं की घोडा चिठ्ठीवाल्याचा. जो ट्रेनर घोडा सांभाळतो त्याला स्वतःला दावा टाकता येत नाही. दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी टाकायचा नाही, आणि आपसात ठरवून तर अजिबात नाही. तसं कानावर आलं तर लायसन जातं. म्हणजे बॉइडचे हात बांधलेले, आणि आमची तोंडं.

त्यात शुक्रवारी डेल क्रचर उगवला. ओहायो नदीपलीकडून येतो, म्हातारे घोडे स्वस्तात उचलतो आणि लहानसहान रेसकोर्सवर ते पडेपर्यंत पळवतो. पाद्रीबुवाच्या पायांवरून हात फिरवत उभा होता. मी ग्रेव्हीवरूनच विचारलं, "काय क्रचर, वाट चुकलास?"

"घोडा बघतोय, नादीन. पाय अजून चांगले आहेत."

"दहा वर्षांचा आहे तो. त्याला आता गवत खायचंय."

"घोडा आणि ट्रक, चालतोय तोवर चालवायचा," तो म्हणाला आणि हसला. त्याला दातांच्या डॉक्टरची फार गरज होती.

बॉइड पागेच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मग आत जाऊन पाद्रीबुवाच्या अंगाला खरारा करायला लागला. तो खरारा सकाळी एकदा झालाच होता. मला ते बघवेना.

घरी जाऊन मी विचार केला. मी एका घोडीची अर्धी मालकीण आहे. कुठला अर्धा भाग माझा ते माहीत नाही, पण ती ज्या तऱ्हेने पळते त्यावरून मागचा असावा. म्हणजे दावा टाकायचा हक्क मला आहे. मी घोडा माझ्यासाठीच घ्यायचा, आणि पुढे माझा घोडा कुणाच्या कुरणात चरायला सोडायचा हा माझा प्रश्न. छपरासाठी ठेवलेले पैसे होते. छप्पर एक हिवाळा आणखी गळेल. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात बघून मान डोलावली.

शनिवारी सकाळी ट्रुडीच्या खानावळीत मी पोहोचले तर आत चर्चसारखी शांतता. ट्रुडीने बिस्किटं जाळली, आणि ती बिस्किटं जाळणारी बाई नव्हे. गल्लीतली ट्रेनर स्परलॉक भावंडं, थोरला वर्न आणि धाकटा क्लाइड, एरवी एकमेकांच्या ताटातला हॅम पळवतात, ते दोघं दोन टेबलांवर बसले होते. बर्डी कोपऱ्यात कॉफी ढवळत होती, आणि बर्डी कॉफीत साखर घालत नाही. मला वाटलं, सगळ्यांना पाद्रीबुवाचं वाईट वाटतंय. मला त्यांची कीव आली. या बिचाऱ्यांना काय माहीत की नादीन सगळं निस्तरणार आहे! मी गुपचूप ऑफिसात गेले, पेटीत चिठ्ठी टाकली आणि कुणालाही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी, शर्यतीआधी घोडे तयार करतात त्या पॅडॉकमध्ये बॉइडने एफ्रेनला खोगिरावर चढवलं. एफ्रेन आमचा जुना जॉकी, मोजकं बोलणारा. नेहमीप्रमाणे त्याने विचारलं, "थांबायचं ना?"

बॉइडने पाद्रीबुवाच्या मानेवर हात ठेवला. "नको. अडवू नकोस. निघाला की जाऊ दे त्याला."

मी ग्रेव्हीचा लगाम इतक्या जोरात ओढला की तो माझ्याकडे वळून बघायला लागला. हे तर बर्डीचं वाक्य! शब्दाला शब्द! मी बॉइडकडे बघितलं, तर तो म्हणाला, "काय बघतेस? घेऊन जा त्याला. आणि हळू ने, नादीन."

मी हळू नेलं. पाद्रीबुवा ग्रेव्हीच्या खांद्याला खांदा लावून चालला, जसा नेहमी चालतो, थोडा टेकून. कठड्याशी बर्डी उभी होती, कोटात हात घालून. मी तिच्यासमोरून जाताना म्हटलं, "त्याने एफ्रेनला सांगितलंय, अडवू नको." निरोप मागितला नव्हता, पण सवय. बर्डीने नजर ट्रॅककडे वळवली. तिच्या कानांची टोकं मात्र लाल झाली.

गेट उघडलं आणि सगळे गेले, पाद्रीबुवा उभा. प्रार्थना झाली, मग निघाला. एफ्रेनने लगाम सैल सोडला आणि म्हातारा असा सुटला की मला घसा बसेपर्यंत ओरडावंच लागलं. पलीकडच्या सरळ पट्टीवरच त्याने एकेकाला मागे टाकलं. शेवटच्या वळणावर तो सगळ्यांच्या पुढे होता, एकटा. स्टँड उभं राहिलं. पेन्शनर लोक, ज्यांनी त्याची डर्बी पाहिली होती, ते टोप्या हलवत होते.

आणि मग, देवाशपथ सांगते, त्याने कान टवकारले आणि इकडे तिकडे पाहिलं. एकटाच आहोत हे त्याच्या लक्षात आलं. दमला नव्हता तो, मी हजारो घोडे दमलेले पाहिलेत. त्याने फक्त पाऊल आखडलं. मागून एक करडा घोडा आला, त्याच्या बरोबरीला लागला, तसा पाद्रीबुवा पुन्हा आनंदाने पळायला लागला, खांद्याला खांदा लावून. दोघं तसेच रेषेवर पोचले. फोटो बघितला. पाद्रीबुवा दुसरा. नाकभर अंतराने.

थांबवला तरी नाक, सोडला तरी नाक! मी ग्रेव्हीवर बसून हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

पण खरा गोंधळ पुढेच होता. विकलेला घोडा म्होरकीशिवाय दिला जातो, नव्या मालकाने आपली म्होरकी आणायची असते. मी माझी पाठीमागे लपवून पॅडॉकजवळ गेले. बॉइड पाद्रीबुवाचं खोगीर उतरवत होता. तेवढ्यात पलीकडून वर्न स्परलॉक आला. पाठीमागे हात. त्याच्यामागून क्लाइड आला, त्याचेही हात पाठीमागे. वर्नने त्याच्या मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, "गाढवा, तू कशाला?"

"तू कशाला?" क्लाइड म्हणाला.

मग ॲप्रनमधे ट्रुडी. तिच्या मेव्हण्याच्या घोड्यात तिचा वाटा आहे. घरात म्होरकी नव्हती म्हणून ती कुत्र्याचा पट्टा घेऊन आली होती. क्रचर आला तो हातातली नायलॉनची म्होरकी उघड फिरवत. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे. मला काय चाललंय ते कळलं आणि माझा संताप झाला. पुण्य माझं एकटीचं होतं आणि त्यात एवढे वाटेकरी!

बॉइडने वर बघितलं. आमच्या पाठीमागून लोंबणारी एक एक म्होरकी त्याने नीट पाहून घेतली. कुत्र्याच्या पट्ट्यावर त्याची नजर जरा जास्त थांबली.

"तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. "क्रचरचं समजू शकतो. वर्न, माझ्या घरी जेवलायस तू. ट्रुडी? नादीन, तू?"

"बॉइड, ऐक तर..."

ऑफिसातले मिस्टर यूबँक चिठ्ठ्या घेऊन माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी खाकरून माझ्याकडे पाहिलं. 'तुझ्यासाठीच' असं एक वाक्य तोंडातून निघालं असतं की आम्हा सगळ्यांची लायसन्स गेली असती आणि घोडा क्रचरचा. मी तोंड मिटलं. बॉइडच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळे आलं होतं, आणि मला खुलासा करायची सोय नव्हती. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

"गिधाडं," बॉइड म्हणाला. "मी हा घोडा कुणाच्या भरवशावर या गल्लीत ठेवला होता!"

"सहा दावे आहेत," यूबँक म्हणाले. "सोडत काढावी लागेल."

सहा? मी, ट्रुडी, दोन स्परलॉक, क्रचर. आम्ही पाचच होतो. यूबँकनी चामड्याची बाटली काढली, आकडे लिहिलेल्या गोळ्या आत टाकल्या आणि हलवायला लागले. त्या आवाजाने पाद्रीबुवाने कान हलवले. क्रचर च्युइंगम चघळत होता. ट्रुडीने माझा हात धरला, तो हात पिठाने माखलेला होता. मी मनात म्हटलं, देवा, माझं नाव नको येऊ दे वाटलं तर, पुण्य गेलं खड्ड्यात, फक्त क्रचरचं नको.

गोळी बाहेर घरंगळली. यूबँकनी आकडा बघितला, चिठ्ठी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"रॉबर्टा लेडबेटर."

कठड्यामागून बर्डी पुढे आली; कागदोपत्री ती रॉबर्टा. कोटाच्या आतून तिने ती चामडी म्होरकी काढली. पितळी पट्टी घासून अशी लख्ख केलेली की घोड्याचं नाव लांबून वाचता येत होतं. म्हणजे गेली सात वर्षं ती घासत होती. पाद्रीबुवाने तिला पाहिलं आणि कुणी न सांगता मान खाली घातली, अगदी तिच्या हाताच्या उंचीवर.

बॉइड जागचा हलला नाही. तिथूनच म्हणाला, "अजून लेडबेटरच?"

"लायसनवर नाव बदलायला वेळ झाला नाही," बर्डी म्हणाली.

"सात वर्षं?"

"कामात होते." तिने बक्कल लावलं. "आणि त्यांच्यावर ओरडू नकोस. मूर्ख आहेत ते, गिधाडं नाहीत. कुत्र्याचा पट्टा घेऊन कुणी गिधाड येतं का?"

बॉइडने पुन्हा एकदा आमच्या म्होरक्यांकडे पाहिलं, या वेळी वेगळ्या नजरेने. वर्न स्वतःचे बूट बघत होता, क्लाइड आभाळ. यूबँकनी त्यांचे कागद गोळा केले आणि बहिरे असल्यासारखे निघून गेले. भला माणूस. क्रचरने आपली म्होरकी गुंडाळली. "पाच वेडे आणि मी," तो पुटपुटला आणि नदीपलीकडे गेला.

दावा करून घेतलेला घोडा महिनाभर कुणाला देता येत नाही, नव्या मालकाच्याच पागेत ठेवावा लागतो. नियम म्हणजे नियम. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे बॉइडला पाद्रीबुवाला पेपरमिंट द्यायला गल्ली ओलांडावी लागली. सात वर्षांत पहिल्यांदा. मी तेव्हा तिथे ग्रेव्हीचा नाल तपासत होते. नाल ठीक होता.

"तू म्हणायचास थांबायचं," आतून बर्डीचा आवाज.

"तू म्हणायचीस जाऊ दे. काल जाऊ दिला. काय झालं?"

"नाक."

"नाक," बॉइड म्हणाला.

मग बर्डी हसायला लागली, आणि तिच्यामागून तो. मला आत जाऊन सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, त्याला कुणाच्या पुढे जायचंच नसतं, बरोबर जायचं असतं, मी रोज त्याला गेटपर्यंत नेते, मला विचारायचं होतंत. पण त्या दिवसांत मला गप्प बसायची सवय लागली होती.

महिना संपला त्या सकाळी बर्डीच्या गाडीतून पाद्रीबुवा शेल्बी काउंटीत गेला. गल्लीतले आम्ही सगळे आपापल्या कामानिमित्त योगायोगाने तिथेच होतो, ट्रुडी मोठं पातेलं भरून बर्गू, आमच्याकडचा दाट मटणरस्सा, घेऊन. बॉइडने काळ्या कुंपणाचं फाटक उघडलं. पाद्रीबुवा फाटकात जाऊन उभा राहिला आणि मान खाली घालून तसाच राहिला.

बॉइड अस्वस्थ झाला. "पाठीवर थाप मार त्याच्या. जाऊ दे आत."

"थांब रे," बर्डी म्हणाली. "त्याला थांबू दे जरा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण काय बोललो ते दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं. मग बॉइड एका बाजूने, बर्डी दुसऱ्या बाजूने, घोड्याच्या खांद्याला लागून उभी राहिली आणि कुरणात चालायला लागली. त्यांच्यामधून पाद्रीबुवाही निघाला, कुणाच्या पुढे नाही, कुणाच्या मागे नाही. आम्ही बर्गू गरम करायला घेतलं, कारण ती तिघं लवकर परत येतील असं काही दिसत नव्हतं.